बेल्जियमने मित्रांशी बोलणी का टाळली

१९४० ला जर्मन हल्ल्यापुढे बेल्जियम १८ दिवसांत पडला म्हटलं की सगळे राजावर तुटून पडतात, फ्रान्स-ब्रिटनशी आधीच बोलणी का केली नाहीत म्हणून. मला ते अर्धंच पटतं.

१९३६ च्या मार्चमध्ये हिटलरने ऱ्हाइनलँडमध्ये, म्हणजे जर्मनीच्या ज्या पश्चिम पट्ट्यात सैन्य ठेवायला बंदी होती तिथे, सैन्य घुसवलं आणि फ्रान्स नुसता बघत बसला, मग असल्या मित्राच्या भरवशावर कोण राहील? त्यात फ्लेमिश (डच बोलणाऱ्या बेल्जियन) लोकांना फ्रान्सशी लष्करी नातं नकोच होतं आणि सैन्याचा खर्च पार्लमेंटमध्ये पास करायला त्यांची मतं तर हवी होती. म्हणून त्याच ऑक्टोबरमध्ये राजा तिसऱ्या लिओपोल्डने तटस्थतेची लाइन घेतली. इथपर्यंत मी त्याच्या बाजूने आहे.

पण १० जानेवारी १९४० चं काय? एक जर्मन विमान धुक्यात रस्ता चुकून बेल्जियममध्ये मास नदीकाठच्या मेखेलेनजवळ पडलं, आत मेजर राइनबर्गर आणि त्याच्याकडे हल्ल्याच्या प्लॅनचे कागद. त्याने चौकीवर आणल्यावर ते सरळ पेटत्या शेगडीत कोंबले, बेल्जियन कॅप्टनने हात भाजून घेत बाहेर ओढले. जे वाचले त्यातूनही हल्ला बेल्जियमवर येणार हे दिसत होतं! सैन्यप्रमुख वान डेन बर्गनने रातोरात फ्रेंच सीमेवरचे अडथळे काढायला सांगितलं, म्हणजे वेळ आलीच तर मित्रांच्या फौजा अडकू नयेत. तर सरकारने फ्रेंचांना आत घ्यायला नकार दिला, आणि या माणसालाच झापलं, महिनाअखेर त्याला पद सोडावं लागलं. हे मला आजही सहन होत नाही. जर्मनीला चिडवायचं नाही हे ठीक आहे हो, पण मागच्या दाराने थोडी माहिती देण्यापलीकडे नीट बसून एकत्र प्लॅन केलाच नाही.

मे महिन्यात हल्ला खरंच झाला तेव्हा त्याची किंमत कळली. फ्रेंच जनरल प्रियू आपले रणगाडे घेऊन मध्य बेल्जियममधल्या जांब्लूला पोचला, तिथे पक्की संरक्षणफळी असेल अशी अपेक्षा, आणि प्रत्यक्षात जवळपास काहीच नाही, रणगाडे अडवायचे लोखंडी अडथळे होते ते पुढे पूर्वेला. कुठे काय बांधतोय एवढं तरी आधी एकत्र बसून ठरवता आलं असतं.

अर्थात बोलणी झाली असती तरी दक्षिणेकडच्या आर्देनच्या जंगलातून आलेले जर्मन रणगाडे त्याने थांबले नसते, ती चूक पूर्णपणे फ्रेंच सरसेनापती गामलँची, चांगल्या फौजा उत्तरेला पाठवून तो मोकळा झाला होता.