सहा आठवड्यांचा अर्क

लीड्समधील माझ्या स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्याशेजारी, गेल्या हिवाळ्यात सहा आठवडे एक काचेची बरणी उभी होती. ई-सिगारेटमध्ये भरायचे लिक्विड घरी करण्यासाठी तिच्यात पाइपमध्ये ओढण्याची १५ ग्रॅम तंबाखू १०० मिलिलिटर प्रॉपिलीन ग्लायकॉल नावाच्या पातळ द्रवात बुडवून ठेवली होती. पहिल्या दिवशी पाण्यासारखा दिसणारा तो द्रव आठवड्याभरात कोऱ्या चहासारखा झाला आणि महिन्याने त्याला काकवीचा रंग आला. घरी जेवायला आलेल्या एका मराठी कुटुंबातील काकूंनी लोणचे समजून तिचे झाकण उघडले, वास घेतला, आणि काही न बोलता ते परत लावले. त्या रात्री त्यांना जे नीट सांगता आले नाही, ते सुट्टीवर सोलापूरला आलो असताना सविस्तर लिहितो आहे.

सोलापूर सोडले तेव्हा मला सिगारेटचे व्यसन होते, आणि ते इंग्लंडमध्ये परवडणारे नव्हते, कारण तेथे एका पाकिटाला दहा पौंडांहून अधिक मोजावे लागतात. सरकारी आरोग्यसेवेचे तेथील लोक सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढाला व्हेपकडे, म्हणजे लिक्विड तापवून त्याची वाफ ओढायच्या ई-सिगारेटकडे, वळण्याचा सल्ला उघडपणे देतात, ही गोष्ट मला सुरुवातीला थट्टेची वाटली होती. धोका सिगारेटपेक्षा बराच कमी आहे, पण निर्धोक काहीच नाही, आणि ज्याने कधी ओढलेच नाही त्याने हे सुरू करू नये, असे ते त्याच दमात सांगतात. मी वळलो. मात्र दुकानातील कलिंगड, निळी रासबेरी आणि बर्फगार आंबा या चवींनी मला वीट आणला. तंबाखू सोडण्यासाठी पेप्सीकोला चोखत बसावे, तसे ते वाटत होते.

पाइपचा वास मात्र घरमालकांच्या वडिलांमुळे नाकात बसला. हे आजोबा मागच्या अंगणातील बाकावर बसून पाइप भरत, आणि पेटवण्यापूर्वी तंबाखूची पिशवी माझ्यापुढे धरत. पेटलेल्या पाइपचा धूर मला फारसा आवडला नाही. न पेटलेल्या तंबाखूचा तो ओलसर, गोडूस, मनुका आणि गवताच्या गंजीच्या मधला वास मात्र मला थेट सोलापूरच्या आमच्या गल्लीत, शेजारच्या अक्कांच्या ओसरीवर घेऊन गेला. अक्का विड्या वळतात. माझे शाळेचे बरेचसे पाढे त्यांच्या सुपाशेजारी बसून पाठ झालेले आहेत.

आजोबांची तंबाखू केंडलची होती. लीड्सच्या वायव्येला, लेक डिस्ट्रिक्टच्या वेशीवर असलेल्या या गावात सॅम्युएल गॅविथ यांच्या नावाने ओळखला जाणारा तपकीर आणि तंबाखूचा धंदा १७९२ पासून चालत आलेला आहे. मी ते गाव मुद्दाम पाहून आलो. तंबाखूच्या आधी हे गाव लोकरीच्या कापडासाठी प्रसिद्ध होते, आणि गावाचे लॅटिन ब्रीदवाक्यच ‘कापड हीच माझी भाकरी’ अशा अर्थाचे आहे. गिरण्या, माग, चादरी आणि विड्या यांच्यावर ज्या शहराच्या कित्येक पिढ्या जेवल्या, तेथून आलेल्या माणसाला हे वाक्य वाचून काय वाटले असेल, ते सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको.

घरी लिक्विड तयार करण्याचे दोन मार्ग आहेत, आणि मी आधी सोपा धरला. बाजारात मिळणारे तयार स्वादार्क थेंबाथेंबाने ग्लिसरीन आणि ग्लायकॉलमध्ये मिसळायचे, एवढेच त्यात असते. ग्लायकॉल पातळ असते आणि स्वाद वाहून नेते. ग्लिसरीन दाट, किंचित गोड असते आणि वाफ त्याच्यामुळे होते. पाइपच्या तंबाखूचा आभास निर्माण करण्यासाठी त्यात व्हॅनिला, कॅरॅमल, थोडी चेरी आणि ॲसिटिल पायराझिन नावाचे एक रसायन वापरले जाते. या शेवटच्या पदार्थाला भाजलेल्या दाण्यांचा आणि मक्याच्या लाह्यांचा वास येतो, आणि तो इतका उग्र असतो की पातळ केलेल्या द्रावणाचेही दोन थेंब जास्त पडले तर सगळी बाटली वाया जाते. माझ्या हातून अर्थातच ते जास्त पडले. पहिला झुरका घेतला आणि तोंडात तिखट वगळून शेंगाचटणी आली. सोलापूरच्या माणसाला शेंगाचटणीची तक्रार करण्याचा अधिकार नाही, हे मान्य. तरीही ती फुंकायची वस्तू नव्हे.

म्हणून मग बरणीचा मार्ग धरला, ज्यात स्वाद खऱ्या पानातून उतरवला जातो. येथे पानाची निवड महत्त्वाची ठरते, आणि हा भाग मला सर्वांत रंजक वाटला. व्हर्जिनिया जातीचे पान बंद कोठारात गरम हवेने वाळवतात, त्यामुळे त्यातील साखर टिकते आणि त्याला गवत व मधाची छटा येते. बर्लीचे पान नुसत्या हवेवर सावलीत वाळते. त्यात साखर फारशी उरत नाही आणि चव कोरडी, काहीशी कोकोसारखी असते. कॅव्हेंडिश हे पानाचे नाव नसून प्रक्रियेचे आहे: पान वाफवून, गोडवा मुरवून, दाबाखाली ठेवून ते मऊ आणि काळपट केले जाते. पेरिक अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या एका लहानशा भागात पिंपांमध्ये दाबून आंबवतात, आणि त्याला मिरी व आंबलेल्या फळांचा वास येतो. सर्वांत विलक्षण लाताकिया. मूळचे सीरियाचे आणि आता मुख्यतः सायप्रसमधून येणारे हे पान लाकूडफाट्याच्या धुरावर धुरवलेले असते. त्याची पिशवी उघडली तेव्हा मला जानेवारीतील शेत, ज्वारीची कोवळी कणसे आणि हुरड्याची आगटी एवढे सगळे एकदम आठवले. त्याचा अर्क मिश्रणात चिमूटभरच चालतो; थोडा जास्त झाला की आगटीच फुंकल्यासारखे होते.

मी बरणीसाठी व्हर्जिनिया आणि कॅव्हेंडिश यांचे मिश्रण घेतले. काही जण बरणी कोमट पाण्यात ठेवून हे काम काही दिवसांत उरकतात. मी घाई केली नाही, दररोज रात्री भांडी घासून झाल्यावर बरणी एकदा हलवून ठेवत राहिलो. खरी कसोटी गाळण्याची होती. आधी चहाच्या गाळणीने चोथा वेगळा केला, नंतर कॉफीच्या कागदी गाळणीतून तो द्रव जाऊ दिला, आणि तो इतका सावकाश उतरत होता की झोपण्यापूर्वी मांडलेली गाळणी सकाळी उठलो तरी ठिबकतच होती. असे तीन वेळा केले. हाती सुमारे ७० मिलिलिटर अर्क आला. एवढे गाळूनही पानातील साखर त्यात उरतेच, आणि गुऱ्हाळातील कढईच्या तळाला काकवी धरावी तशी ती व्हेपच्या तापणाऱ्या कॉइलवर धरते. फळांच्या चवीवर दोन आठवडे टिकणारी कॉइल या अर्कावर तीन दिवसांत काळी पडते. खऱ्या पानाची ही किंमत आहे, आणि ती द्यायची नसेल त्याने शेंगाचटणीवर समाधान मानावे.

पुढचे काम वजनकाट्याचे. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा मी यासाठीच विकत घेतला. ६० मिलिलिटरच्या बाटलीचा माझा हिशेब साधा होता: ३० मिलिलिटर ग्लिसरीन, १२ मिलिलिटर ग्लायकॉल, ८ मिलिलिटर अर्क आणि १० मिलिलिटर निकोटिनचे तयार लिक्विड. इंग्लंडमध्ये २०१६ च्या नियमांनुसार निकोटिन असलेले लिक्विड १० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत आणि मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा तीव्र विकता येत नाही, म्हणून मिलिलिटरला १८ मिलिग्रॅमची एक छोटी बाटली ओतली की ६० मिलिलिटरमध्ये तीव्रता ३ मिलिग्रॅमवर येते. पहिल्याच खेपेला मी मिलिलिटर आणि ग्रॅम एकच समजून चाललो. ग्लिसरीनचे एक मिलिलिटर १.२६ ग्रॅम भरते, मी ३७.८ ग्रॅम ओतायच्या ठिकाणी ३० ग्रॅमवरच थांबलो. बाटली गळ्यापर्यंत भरायची ती सहाहून अधिक मिलिलिटरने कमी भरली, आणि निकोटिन तेवढेच राहिल्याने तीव्रता ३.४ च्या आसपास गेली. सुदैवाने आकडा लहान होता. त्यात आणखी एक मेख आहे: पानातील निकोटिन अर्कात उतरतेच, आणि ते किती उतरले हे स्वयंपाकघरात मोजण्याची सोय नसते. त्यामुळे घरच्या अर्काच्या बाटलीवर लिहिलेला आकडा हा नेहमीच किमान आकडा समजावा.

बाटली भरली की ती दोन-तीन आठवडे अंधाऱ्या कपाटात मुरू द्यावी लागते. याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. लोणचे घालणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला थांबणे शिकवावे लागत नाही.

येथील एका मित्राने व्हॉट्सॲपवर विचारले, ‘काय बे, त्यात लवंगेचं तेल घातलं तर?’ त्याचे उत्तर सर्वांसाठी लिहितो. तेल कोणतेही असो, खाण्याचे की सुगंधी, ते फुप्फुसात जाता कामा नये; पोटाला जे चालते ते फुप्फुसाला चालेलच असे नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेपमुळे फुप्फुसांना इजा होण्याची जी साथ आली, तिचा संबंध मुख्यतः गांजाच्या अर्काच्या लिक्विडमध्ये मिसळलेल्या जीवनसत्त्व-ई ॲसिटेटशी, म्हणजे एका तेलकट पदार्थाशीच, निघाला. फेब्रुवारी २०२० पर्यंत तेथे २,८०७ रुग्णांची आणि ६८ मृत्यूंची नोंद झाली होती. लोण्याचा स्वाद देणारे डायॲसिटिल श्वासावाटे घेतल्याने पॉपकॉर्नच्या कारखान्यांतील कामगारांची फुप्फुसे कायमची खराब झाली, म्हणून तेही वर्ज्य. निकोटिन कातडीतून शरीरात शिरते, त्यामुळे हातमोजे घालायचे, सांडले तर लगेच साबणाने धुवायचे, आणि बाटली लहान मुलांना न उघडणाऱ्या झाकणाची घेऊन वरच्या फळीवर ठेवायची. मी हे सगळे पाळतो. निळे रबरी हातमोजे चढवतो, खिडकी उघडतो, काटा शून्यावर आणतो, आणि मग १० मिलिलिटरच्या त्या बाटलीला हात लावतो.

हातमोजे चढवताना मला प्रत्येक वेळी अक्कांचे हात दिसतात, हे लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. तंबाखूने पिवळी झालेली बोटे, उजव्या अंगठ्यावर कात्रीने पडलेला घट्टा, आणि मांडीवरच्या सुपात उघडी तंबाखू. दिवसाला हजार विड्या. मोजे नाहीत, नाकावर पदर असलाच तर असतो, आणि थोरली मुलगी तान्ही असताना ती त्याच ओसरीवर, त्याच वासात झोपलेली असे. सोलापुरात अशा बायकांची संख्या इतकी आहे की त्यांच्यासाठी शहराजवळच्या कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. मी जे काट्यावर शंभराव्या ग्रॅमपर्यंत मोजतो, ते तिथे चिमटीने मोजले जाते, आणि अक्कांची चिमूट माझ्या काट्याइतकीच अचूक आहे. तशी नसती, तर कारखान्यात विड्या छाटीत गेल्या असत्या आणि मजुरी कापली गेली असती.

माझी बाटली मी सोलापूरला आणलेली नाही, कारण तसे करणे गुन्हा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये आधी अध्यादेश आणि डिसेंबरमध्ये कायदा होऊन भारतात ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आली. उत्पादन, आयात, विक्री किंवा जाहिरातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. घराच्या कोपऱ्यावरील टपरीवर विडीचा कट्टा मात्र खुशाल मिळतो. शाळकरी मुलांच्या हाती रंगीत व्हेप जाऊ नये, हा बंदीमागचा हेतू मला पटतो. इंग्लंडनेही जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी घातली, ती कचऱ्याबरोबरच मुलांचाही विचार करून. विडी सोडू पाहणाऱ्या पन्नाशीच्या माणसापुढे मात्र त्याच टपरीशिवाय काय ठेवले आहे, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

आता अक्कांकडे येतो. लीड्समध्ये मुरलेली ती बाटली चांगली झाली होती. आजोबांनी तिचा वास घेऊन मान हलवली, आणि यॉर्कशायरच्या माणसाने मान हलवणे हे मानपत्रच समजायचे असते. मला मात्र त्यात काहीतरी कमी वाटत राहिले. मनुका होती, गंजी होती, मध होता, तरी ओसरी नव्हती. मी लाताकियाचा थेंब वाढवून पाहिला, बर्ली घालून पाहिली, दोन बाटल्या ओतून दिल्या. परवा अक्कांच्या दारात चपला काढल्या आणि कारण एका श्वासात कळले. तंबाखूच्या खाली दुसरा एक वास होता, ओल्या गोणपाटाखाली भिजत ठेवलेल्या तेंदूच्या पानांचा: मातकट, तुरट, पहिल्या पावसात पालापाचोळा भिजल्यासारखा. इतकी वर्षे मी ज्याला तंबाखूचा वास समजत होतो, त्यातला अर्धा त्या पानांचा होता, आणि ती पाने केंडलच्या कोणत्याही पिशवीत नव्हती.

अक्कांना मी बरणीची सगळी हकिगत सांगितली. त्यांचे हात थांबले नाहीत. पान पत्र्याच्या साच्यावर ठेवायचे, कात्री फिरवायची, चिमूट टाकायची, वळायचे, दोरा गुंडाळायचा. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, ‘मग एवढं करून किती निघालं रे?’

‘सत्तर मिलिलिटर, अक्का. सहा आठवड्यांत.’

त्यांनी वळलेली विडी कट्ट्यात सरकवली आणि माझ्याकडे पाहिले. ‘सहा आठवड्यात एवढंच? आमच्या कारखान्यात असतास तर कार्ड बंद केलं असतं की तुझं.’