माझा अनुभव : कॉन्टेसा घरी उभी केली, पण अडकलो 'इंधन' या रकान्यात

जुनी गाडी घरी दुरुस्त करायला घेत असाल, तर पाना हातात धरण्याआधी एक काम करा. मोबाईलवर एमपरिवहन हे सरकारी ॲप उघडा, गाडीचा नंबर टाका आणि समोर जे जे येतं ते आरसी बुकाशी ताडून पाहा. मॉडेल, नोंदणीची तारीख आणि विशेष करून इंधन. आमच्या कॉन्टेसाचं पत्रा-इंजिनाचं सगळं काम एकीकडे आणि या एका शब्दापायी झालेला मनस्ताप एकीकडे. गाडी आज अंगणात चालू उभी आहे, कागद हातात आहेत, तरी आरटीओतलं ते टेबल आठवलं की डोकं अजून गरम होतं.

आमचं गाव वर्धा नदीच्या काठचं. कापूस, तूर, सोयाबीन. अशा गावात कॉन्टेसा आली ती बाबांच्या हौसेमुळे. गाडी १९९१ ची, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका व्यापाऱ्याकडून बाबांनी सेकंडहँड घेतली आणि रीतसर आपल्या नावावर केली. २००६ साली पंधरा वर्षं झाली तेव्हा नोंदणीचं नूतनीकरणही झालं, काही त्रास नव्हता. पुढे ती बंद पडली आणि ढोरांच्या कोठ्यात कापसाच्या गाठोड्यांमागे उभी राहिली. घरचे भंगारात द्या म्हणायचे. बाबांनी दिली नाही.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ पासून २००२ पर्यंत पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात कॉन्टेसा बनवली. मूळ आराखडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचा. सुरुवातीला तिच्यात अँबेसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं आणि एवढ्या अंगाच्या गाडीला ते पुरत नव्हतं. मग इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर आले आणि गाडी खरी धावायला लागली. लांब बोनेट, चार गोल दिवे, ताकद मागच्या चाकांना. म्हणून लोक हिला भारताची मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची गाडी, म्हणतात. अमेरिकेतल्या मसल कारमध्ये, १९६४ च्या पाँटियाक जीटीओत, आठ सिलिंडरचं इंजिन होतं, हिच्यात चारच. पण आमच्या रस्त्यावर ही समोरून आली की माणूस आजही थांबून पाहतो. डिझेल कॉन्टेसाही निघाली, तिचं इंजिन दोन लिटरचं. हा १८१७ आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाचा आहे.

दुरुस्तीचं थोडक्यात सांगतो, कारण ते कष्टाचं होतं, पण अडलं कुठेच नाही. इंजिन जाम होतं. चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण ओतलं आणि कित्येक दिवस तसंच ठेवलं. नंतर क्रँकच्या नटाला पाना लावून हातानेच हळूहळू मागे-पुढे. एका संध्याकाळी पान्याखाली नट बोटभर सरकला आणि मी ओरडलोच. जाम इंजिनाला थेट सेल्फ मारू नका, पिस्टनच्या रिंगा तुटतात. वायरिंग उंदरांनी खाल्लं होतं, ते सगळं नवीन केलं. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गेला होता. गावात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा वेल्डर आहे, त्याने सडका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापला आणि १८ गेजचा तुकडा बसवला. एका जागी सलग वेल्डिंग मारलं की ताव लागून पत्रा वाकतो, म्हणून एक टाका इकडे, एक तिकडे. मग दोन्ही बाजूंनी गंज रोखणारा रेड ऑक्साईड. वीज राहील तेव्हा काम, नाहीतर बसा. ब्रेकचं मात्र सगळं रबर न बघता बदला, त्यात काटकसर नको.

गाडी सुरू झाली, कोठ्यातून बाहेर आली, बाबांनी नारळ फोडला. आता फक्त नोंदणीचं नूतनीकरण राहिलं, असं आम्हाला वाटत होतं.

नूतनीकरणासाठी फॉर्म २५, विमा, पीयूसी आणि गाडीची तपासणी लागते. मी पीयूसीवाल्याकडे गेलो. त्याने नंबर टाकला आणि म्हणाला, "भाऊ, हे तं डिझेल दाखवून राह्यलं." पेट्रोलच्या गाडीत सायलेन्सरमध्ये नळी घालून सीओ (कार्बन मोनॉक्साईड) आणि एचसी (हायड्रोकार्बन) मोजतात, डिझेलच्या गाडीचा रेस देऊन धूर मोजतात. नोंद डिझेलची, म्हणून त्याच्या मशीनवर धुराचीच चाचणी उघडत होती. पीयूसी नाही तर पुढचं काहीच नाही.

जुनी हाताने लिहिलेली नोंद संगणकावर चढवताना कुणीतरी चुकीची ओळ निवडली, एवढंच झालेलं होतं. आमच्या पुस्तकात निळ्या शाईत स्पष्ट 'पेट्रोल' लिहिलेलं आहे. मला वाटलं, पुस्तक दाखवू, ते दुरुस्त करतील, संपलं. बाबांना घेऊन आरटीओ कार्यालयात गेलो, गाडी त्यांच्या नावावर म्हणून.

टेबलावरच्या माणसाने पुस्तक पाहिलं, स्क्रीन पाहिली आणि म्हणाला, "काका, कॉम्प्युटरवर डिझेल हाय. गाडी पेट्रोलवर चालून राह्यली म्हणजे इंजिन बदलवलं तुम्ही. परवानगी कुठं हाय?"

बाबा म्हणाले, "साहेब, कंपनीचंच इंजिन आहे. तुम्ही या, बोनेट उघडून दाखवतो. प्लग आहेत, कार्बोरेटर आहे."

"तेच तं म्हणून राह्यलो. प्लग हाय म्हणजे पेट्रोलचं इंजिन बसवलं."

पुन्हा वाचा हे. गाडी पेट्रोलची आहे याचा जो जो पुरावा आम्ही दाखवू, तो आमच्यावरच उलटत होता. इंजिनवरचा नंबर पुस्तकातल्या नंबरशी अक्षरन् अक्षर जुळतो, हे सांगितलं. उत्तर आलं की पुस्तक हाताने लिहिलेलं आहे, त्याची खात्री कोण देणार. मग खात्री कोण देणार, असं मी विचारलं, तर म्हणाले जिथे पहिली नोंदणी झाली तिथून बी-एक्स्ट्रॅक्ट आणा. बी-एक्स्ट्रॅक्ट म्हणजे कार्यालयाच्या मूळ रजिस्टरमधला उतारा. ठीक आहे म्हणून त्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या कार्यालयात गेलो. तिथे म्हणाले, गाडी तुमच्या जिल्ह्यात गेली, रेकॉर्डही तिकडेच असणार. परत आलो तर हे म्हणाले, आमच्याकडे फक्त एनओसी (ना-हरकत पत्र) आली, रजिस्टर त्यांचंच. तिकडे पुन्हा गेलो तर रेकॉर्ड रूमचा माणूस सुट्टीवर. नंतर रजिस्टर सापडत नाही. नंतर अर्ज द्या. अर्ज दिला होता म्हटलं तर कुठला अर्ज.

बाबांचं वय सत्तरच्या वर. एसटीने जायचं, उन्हात उभं राहायचं, साहेब जेवायला गेले म्हणून थांबायचं आणि शेवटी 'पुढच्या हप्त्यात या' ऐकून परतायचं. यात आमचा गुन्हा काय होता, हे मला आजही कुणी सांगितलेलं नाही. चूक त्यांच्या टायपिंगची आणि ती चूक आहे हे सिद्ध करायचं आम्ही. चीड याचीच येते. एक ओळ लिहून साहेबांपुढे ठेवली असती तर काम तिथेच झालं असतं.

याच काळात बाहेरच्या चहाच्या टपरीवर एका एजंटाने उपाय सुचवला. डिझेलचं इंजिन बाजारात मिळून जाईल, ते टाका, गाडी नोंदीप्रमाणे होईल आणि दोन दिवसांत पासिंग. म्हणजे खोट्या नोंदीला खरं करण्यासाठी कारखान्यातून आलेलं इंजिन काढून फेकायचं! बाबांनी त्याचं बोलणं पुरतं ऐकलंही नाही, चहा तसाच ठेवून उठले. असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं आहे. एकदा खरंच इंजिन बदललं की तुमची बाजू कायमची गेली.

सुटका झाली ती माहितीच्या अधिकाराने. हे मी ठासून सांगतो. जोडपत्र 'अ' चा नमुना, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्जदार म्हणून गाडीच्या मालकाचं नाव आणि सही. मागणी मोघम लिहू नका. आम्ही लिहिलं : या क्रमांकाच्या वाहनाच्या मूळ नोंदणी रजिस्टरमधील पानाची साक्षांकित प्रत मिळावी, रजिस्टर उपलब्ध नसल्यास ते कधी, कोणाच्या आदेशाने नष्ट केले त्या आदेशाची प्रत मिळावी. दुसरं वाक्य फार महत्त्वाचं आहे. 'सापडत नाही' एवढं तोंडी सांगणं सोपं असतं, ते सहीने लिहून देणं अवघड असतं. कायद्याप्रमाणे तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं आणि ते मुदतीत आलं. जे रजिस्टर सापडत नव्हतं, त्याच्या पानाची प्रत टपालाने घरी आली. इंधन : पेट्रोल. घनक्षमता : १८१७. बाबांनी ते दोन शब्द आणि तो आकडा मोठ्याने वाचले, मग आईला बोलावून पुन्हा वाचले.

पुढे मी त्या टेबलावर गेलोच नाही. थेट वरच्या अधिकाऱ्यांची वेळ घेतली, उतारा पुढे ठेवला आणि सांगितलं, साहेब, तुमच्या स्क्रीनवर इंधन डिझेल आहे, पण सीसीच्या रकान्यात १८१७ आहे. या गाडीचं डिझेल इंजिन दोन लिटरचं यायचं, १८१७ पेट्रोलचंच. त्यांनी स्क्रीन बघितली, उतारा बघितला, निरीक्षकांना बोलावून गाडीवरचे नंबर ताडायला सांगितले आणि नोंदीच्या दुरुस्तीला मंजुरी दिली. इतकं सोपं होतं ते. तो आकडा पहिल्या दिवसापासून त्याच स्क्रीनवर होता.

त्यानंतर सगळं भराभर झालं. पीयूसीत १९९१ च्या काळातल्या पेट्रोल गाडीला सीओ ३ टक्क्यांच्या आत लागतो. कार्बोरेटरचा मिक्श्चर स्क्रू थोडा आत घेतला, एअर फिल्टर नवा टाकला आणि पास. फी मात्र जड आहे : वीस वर्षांवरच्या चारचाकीला २०२५ च्या ऑगस्टपासून १०,००० रुपये. शिवाय पर्यावरण कर आणि उशिराचा आकार वेगळा. नूतनीकरण पाच वर्षांचं मिळतं. तपासणीला गाडी चालवत नेऊ नका, कागद नसलेली गाडी रस्त्यावर सापडली तर नवीनच भानगड. आम्ही टोइंग गाडीवर नेली. निघण्याआधी चेसिस आणि इंजिनवरचे नंबर रॉकेल आणि तारेच्या ब्रशने साफ करून ठेवा, कागद ठेवून पेन्सिल घासली तर प्रत्येक आकडा उमटला पाहिजे.

प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर आवक शिक्का आणि नंबर घ्या. शिक्का नसलेला अर्ज दिला काय, न दिला काय, सारखाच.

हौसेचं काम आम्ही कागद आल्यावर केलं आणि तोच क्रम ठेवा. रंग पांढऱ्याचा गर्द मरून केला, पण रंगही आरसीवर असतो, म्हणून त्याचा अर्ज आधी. डॅशबोर्डची पट्टी गावच्या सुताराने सागाची करून दिली, रेषा इतक्या सुंदर आहेत की पॉलिशशिवाय काही लावलं नाही. सीट तालुक्याच्या कुशनवाल्याने शिवल्या. रंग मे महिन्यात नवतपात मारू नका, बंदुकीतून निघालेला रंग पत्र्यावर पोचेस्तोवर सुकतो आणि खरखरीत बसतो. पावसाळ्यात मारला तर पांढरट पडतो. दिवाळीनंतरचे दिवस चांगले, फक्त शेजारी तुरीचं थ्रेशर चालू नको.

पेट्रोलच्या नळ्यांचं सांगायचं राहिलं. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि १९९१ चं रबर त्यासाठी बनलेलं नाही. नळ्या फुगतात, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा जातो, टाकीत पाणी धरून गंज येतो. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या टाका आणि गाडी उभी ठेवायची असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका. काचेचं रबर आणि दिव्यांच्या रिंगा नागपुरात मिळाल्या नाहीत तर कोलकात्याच्या मल्लिक बाजारात विचारा. गाडी तिकडचीच, जुना माल तिकडे अजून निघतो. फोनवर भागाचा फोटो मागवून, आपल्या जुन्या तुकड्याशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नका.