ग्रनाशची चौथी बाटली

2018 साली दक्षिण फ्रान्सहून परतताना आम्ही दोघांनी जिगोंदास या ऱ्होन खोऱ्यातल्या गावच्या वाइनच्या चार बाटल्या पुण्यात आणल्या. 2015 च्या हंगामाची ही रेड वाइन मुख्यतः ग्रनाश द्राक्षाची, जोडीला थोडे सिरा आणि मूर्वेद्र. त्यांतली शेवटची बाटली गेल्या डिसेंबरात एरंडवण्यातल्या घरी उघडली.

पहिली 2019 मध्येच संपवली होती. पिकलेल्या स्ट्रॉबेरीचा आणि मिऱ्याचा वास होता, पण साडेचौदा टक्के अल्कोहोल घशाशी वेगळे जाणवत होते; लोणचे घातल्याच्या दुसऱ्याच दिवशी चाखावे आणि मीठ, तिखट, कैरी सगळे सुटे सुटे लागावे, तसा तो अनुभव होता. दोन वर्षांनी दुसरी उघडली तर ती अगदी मुकी निघाली. ऱ्होनच्या या वाइन मधली काही वर्षे अशा मिटून जातात, हे मला नंतर कळले.

तिसरी माझ्या चुकीने गेली. एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकणाऱ्या पुण्यात मी ती भिंतीतल्या कपाटात ठेवली. बूच वर सरकले, कडेने वाइन पाझरली आणि आत उरली ती आटवलेल्या जॅमची चव. त्याचे मला अजून वाईट वाटते. ग्रनाशची साल पातळ असते, तिच्यात रंग आणि टॅनिन (तुरटपणा देणारे घटक) बेताचे, आणि हवेशी तिचे फार लवकर बिनसते. म्हणूनच तिकडे ती सहसा नव्या लहान पिंपांऐवजी सिमेंटच्या टाक्यांत किंवा जुन्या, मोठ्या लाकडी पिंपांत मुरवतात, आणि हवेला दाद न देणाऱ्या मूर्वेद्रची तिला सोबत देतात. अशा वाइनला बारा-चौदा अंशांचा स्थिर गारवा लागतो. चौथी बाटली वाचली ती केवळ वाइनच्या छोट्या फ्रिजमुळे.

गाळ तळाशी बसावा म्हणून ती आदल्या दिवशी उभी करून ठेवली आणि अगदी हलक्या हाताने ओतली. जुनी ग्रनाश तासन्‌तास डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा देण्याच्या काचेच्या भांड्यात, ठेवणे मला पटत नाही, कारण जपून ठेवलेला वास तिथेच उडून जातो. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरला, तेव्हा मध्यभागी डाळिंबी असलेला रंग कडेला विटकरी झालेला दिसला. वासात सुके अंजीर, ज्येष्ठमध, कातडे आणि उन्हात तापलेल्या रानझुडपांचा दरवळ होता. पहिल्या बाटलीत टोचणारे अल्कोहोल आता नुसती ऊब होऊन राहिले होते, आणि तुरटपणा जिभेवर बारीक रवाळ लागत होता. ही मुरली आहे, असे पत्नी पहिल्याच घोटाला म्हणाली.

तासाभराने फळाचा वास ओसरला आणि संत्र्याच्या वाळलेल्या सालीचा वास पुढे आला. तळातला बोटभर गाळ तेवढा आम्ही बाटलीतच ठेवला.