सरांनी न केलेली सही

दरवर्षी शालेय स्पर्धांचे फॉर्म भरायला बसलो की जनरल रजिस्टर उघडतो आणि 1 जून या तारखेपाशी अडखळतो. आता जन्मदाखले येतात. पण पूर्वी ज्या पोराची जन्मतारीख घरात कुणाला सांगता येत नसे, त्याला पहिलीत घालताना गुरुजी सरळ 1 जून लावून टाकत. एकेका वर्गात अशी आठ-दहा पोरं निघायची. त्यातल्या एकाची आणि आमच्या मोठ्या सरांची ही गोष्ट. सर गेल्या पावसाळ्यात गेले.

उस्मानाबाद जिल्ह्यातल्या (आता धाराशिव) त्या शाळेत मी क्रीडाशिक्षक म्हणून लागलो तेव्हा खो-खोचं मैदान कसलं, नुसतं काळं रान होतं. पावसात पाय रुतायचा, उन्हाळ्यात भेगा पडायच्या. सरांनी आधी मुरूम टाकून घेतला, वर पिवळी माती पसरली आणि दोन रविवार पोरांबरोबर उकिडवं बसून चाळणीनं खडे काढले. पोरं अनवाणी पळायची, सूर मारला की कोपर सोलायचं. मी दोरी लावून फक्की मारली की सर टेप घेऊन हजर. दोन खांबांमधली पाटी 30 सेंटिमीटर म्हणजे 30च. खांब जमिनीच्या वर 120. खांबाला पॉलिश पेपर मारून झाला की स्वतःचा तळहात त्यावर गोल फिरवून बघायचे. खेळाचा तास कुणी गणिताला मागितला तर सर देत नसत. हे मी मुद्दाम लिहितो, कारण परीक्षा जवळ आली की आपल्या शाळांमध्ये पहिला बळी याच तासाचा जातो, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

2007 साली आमचा 14 वर्षांखालचा संघ जिल्ह्यात पहिला आला, तो एका पोरामुळं. एकेरी साखळीत, म्हणजे बसलेल्या एकेका गड्यामधून नागमोडी पळताना, तो असा वळायचा की बसलेल्या गड्याच्या पाठीला त्याचा वारा लागावा, पण हात लागू नये. सात मिनिटांच्या डावात साडेतीन मिनिटं तो एकटा खाऊन टाकायचा. पुढची विभागीय स्पर्धा लातूरला होती.

पेढे द्यायला सर आणि मी त्याच्या घरी गेलो. चहा ठेवता ठेवता त्याची आई कौतुकानं बोलून गेली, "लई चपळ हाय लहानपणापासून. इसर्जनाच्या राती भूकंप झाला तवा चार महिन्याचं होतं. भित पडायच्या आत ह्याला घिऊन भाईर पळाले मी."

भूकंप 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा. रजिस्टरात पोराची तारीख 1 जून 1994. त्या वर्षी 1 जानेवारी 1994 नंतर जन्मलेल्यांनाच 14 च्या गटात खेळता येत होतं. सरांनी चहा संपवला. वाटेत एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी बारा फॉर्म पुढं ठेवले. त्यांनी अकरांवर सही केली. मी खूप भांडलो. कागद स्वच्छ होता, तारीख आम्ही लावलेली नव्हती. जिल्ह्यात आमच्यासमोर मिसरूड फुटलेले गडी उतरले होते आणि त्यांच्या फॉर्मवरही कुण्या मुख्याध्यापकाची सही होतीच. सर म्हणाले, "रजिस्टरातली तारीख बदलायचा अधिकार मला नाही. पण सही माझी आहे. पुढच्या वर्षी सतरात खेळव."

लातूरला आम्ही दोन गुणांनी हरलो. पोरगं त्याच्या आधीच शाळेतून गेलं होतं. आईबाप ऊसतोडीला निघाले आणि ते त्यांच्याबरोबर. लातूरला जायचं असतं तर मावशीकडं राहणार होतं. परतलं तेव्हा वर्ष गेलं होतं. सतरात दोन वर्षं खेळलं, जिल्ह्याच्या पुढं कधी गेलं नाही.

पहिला खो-खो विश्वचषक 2025 च्या जानेवारीत दिल्लीत झाला. अंतिम सामने मी सरांच्या घरी बसून पाहिले. भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवलं आणि दोन्ही कर्णधार आपले, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. सर पूर्ण वेळ पोरांचे गुडघे बघत होते. "मॅटवर सोलत नाही," एवढंच म्हणाले. त्या फॉर्मचा विषय माझ्या ओठांवर आला होता, पण मी काढला नाही.

सरांच्या दहाव्याला तोच पोरगा आला होता. आता स्वतःचा ट्रॅक्टर चालवतो. नदीवर माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला, "सर ऊसतोडीच्या तळावर आले होते. दोनदा. यष्टीनं. आमच्या कोपीत बसले, बापाला म्हणले, पोराला माझ्या घरी ठेवतो, शाळा बुडवू नका. बाप नाही म्हणला. मला म्हणले, तुझं काही चुकलं नव्हतं."

हे सरांनी मला कधी सांगितलं नाही. त्या अख्ख्या वर्षात मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो होतो.