अण्णांच्या रक्तात शिसं निघालं तेव्हा

सोनोग्राफी झाली, दुर्बीण झाली, दोन्हींत काही सापडलं नाही. इकडे अण्णांच्या पोटातली कळ थांबेना, पोट साफ होईना आणि हिमोग्लोबिन उतरतच चाललेलं. शेवटी कुडाळहून गोव्यातलं बांबोळीचं सरकारी इस्पितळ गाठलं. तिथे रक्ताच्या काचपट्टीवर तांबड्या पेशींत निळे ठिपके दिसले आणि डॉक्टरांनी विचारलं, आणखी काय औषध चालू आहे? अण्णा म्हणाले, "औषध खंयचा? गुडघ्याक झाडपालो घेतंय तो."

तो झाडपाला म्हणजे कागदाच्या पुडीतली करड्या रंगाची पूड. वर नाव नाही, काही नाही.

शिशाच्या तपासणीला धातूविरहित वेगळी नळी लागते. ती मुंबईहून मागवावी लागली, नमुनाही तिकडेच गेला. रिपोर्टात डेसिलिटरला 72 मायक्रोग्रॅम. 5 च्या वर गेलं की शिसं कुठून येतंय ते शोधा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुडी त्याच दिवशी बंद केली. धातू लघवीवाटे बाहेर काढणारं औषध सुरू झालं, पोट आठवड्याभरात निवळलं. पुढच्या तपासणीत आकडा उतरला, मग पुन्हा थोडा चढला. मी घाबरलो. डॉक्टर म्हणाले, हाडांत मुरलेलं शिसं रक्तात उतरतंय, हे चालायचंच.

उरलेल्या पुड्या आईने चुलीत घालायला काढल्या होत्या, त्या मी मागून घेतल्या आणि पदरचे पैसे भरून तपासून आणल्या. निव्वळ वनस्पतींच्या औषधात शिशाची मर्यादा दशलक्षात 10 भाग. इथे आकडा हजारांत होता. पण शिसं किती हे रिपोर्ट सांगतो, आलं कुठून हे नाही. सांधेदुखीवरच्या महायोगराज गुग्गुळात नागभस्म ग्रंथोक्तच असतं, आणि नाग म्हणजे शिसंच. तसं काही मुद्दाम घातलं होतं, भस्म कच्चं राहिलं होतं, की वनस्पतीच दूषित मातीतली होती? भस्मांवर सरसकट तुटून पडणाऱ्यांशी माझं जमत नाही; पण खाणाऱ्याला ते खातोय हे कळायला नको?

बाजारातल्या बाटलीवर घटकद्रव्यं आणि परवाना क्रमांक छापावेच लागतात. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनवणाऱ्या वैद्याला मात्र उत्पादन परवान्याची अट कायद्याने लागू नाही. आयुष, म्हणजे आयुर्वेदासारख्या पद्धतींच्या औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करायची सरकारी योजना 2018 पासून आहे, तिचा फॉर्म मी भरला. उत्पादकाचं नाव, बॅच नंबर, मुदत हे रकाने मोकळे सोडून दोन्ही रिपोर्ट जोडले.

गुडघे दुखतातच. अण्णा सध्या नारायण तेल चोळतात, तेही बाटलीवरचं सगळं बारीक अक्षर मला मोठ्याने वाचायला लावून.