न्यूयॉर्कमध्ये ट्रंपेटवादकांच्या मागावर: कोरोना, फ्लशिंग, वुडलॉन

जॅझसाठी न्यूयॉर्कला येणारे बहुतेक जण मॅनहॅटनच्या क्लबांतच अडकतात. ट्रंपेटवादक राहिले कसे आणि संपले कसे हे बघायचं असेल, तर सकाळीच ७ नंबरची सबवे धरून क्वीन्स गाठावं. तिथल्या कोरोना नावाच्या वस्तीत, १०३ स्ट्रीट–कोरोना प्लाझाला उतरायचं. गाडीवरचा ७ वर्तुळात असेल तर ती स्लो. हिऱ्याच्या आकारात असेल तर फास्ट, आणि ती इथे थांबत नाही. दुपारनंतर फ्लशिंगकडे जाताना हा घोळ हमखास होतो. चुकून फास्ट पकडलीच, तर जंक्शन बुलेव्हार्डला उतरून मागची स्लो घ्या, पुढचंच स्टेशन.

१०७व्या रस्त्यावरचं ३४-५६ नंबरचं घर लुई आर्मस्ट्राँगचं. ल्युसिलने ते १९४३ मध्ये घेतलं, तेव्हा नवरा दौऱ्यावर होता. ६ जुलै १९७१ ला आर्मस्ट्राँग याच घरात वारला. घर फक्त गाइडबरोबर बघता येतं, एका वेळी मोजकीच माणसं सोडतात आणि आठवड्यातले ठरावीकच दिवस ते उघडं असतं; तिकीट आधी काढूनच निघा. निळंशार स्वयंपाकघर आणि सोनेरी नळांचं, आरशांनी मढवलेलं न्हाणीघर सगळ्यांच्या लक्षात राहतं, पण खरा वेळ द्यावा तो वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेला. इथे तो टेपरेकॉर्डरवर गप्पा, रियाज, जुन्या तबकड्या टेप करायचा आणि टेपच्या खोक्यांवर फोटोंची कात्रणं चिकटवायचा. गाइड त्यातले तुकडे ऐकवतात, त्या वेळी बोलू नका. मुंबईत ज्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत, त्या गोव्यातल्या हळदोण्याच्या ट्रंपेटवादक चिक चॉकलेटचं वादन ऐकलेल्यांना हा मूळ आवाज फार जवळचा वाटेल. समोरच २०२३ मध्ये उघडलेलं आर्मस्ट्राँग केंद्र आहे, तेही बघून घ्या.

तीच ७ शेवटपर्यंत नेली की फ्लशिंग–मेन स्ट्रीट. बाउन स्ट्रीटवरच्या गणपतीच्या देवळाच्या तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा खाऊन ४६व्या अव्हेन्यूवरच्या फ्लशिंग सिमेट्रीत चालत जाता येतं. फाटक साडेचारच्या सुमारास बंद होतं, म्हणून घर आधी, दफनभूमी नंतर, पण तीनच्या आत. आर्मस्ट्राँगचं थडगं ऑफिसात विचारलं की सापडतं. ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पीही इथेच आहे, पण त्याच्या जागेवर दगड नाही. शोधत फिरण्यात तास घालवू नका. ज्याने बीबॉप ही जॅझची वेगवान नवी शैली उभी करण्यात मोठा वाटा उचलला, त्याच्या नावाची साधी पाटीही नसावी, हे मनाला लागतं.

वुडलॉन ही दफनभूमी ब्रॉन्क्समध्ये आहे, तिला वेगळा दिवस ठेवा. ४ नंबरची गाडी शेवटपर्यंत. मेट्रो-नॉर्थ या उपनगरी रेल्वेचंही वुडलॉन नावाचं स्टेशन आहे, ते दफनभूमीच्या दुसऱ्या बाजूला येतं, गोंधळ टाळा. आवार चारशे एकरांचं आहे, फाटकावर नकाशा घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका. माइल्स डेव्हिसचा काळा दगड बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनच्या थडग्याजवळच आहे. त्यावर ट्रंपेट आणि स्वरलिपी कोरली आहे. ते बघून बहुतेक जण परततात आणि किंग ऑलिव्हर राहून जातो. कॉर्नेट (ट्रंपेटसारखंच, जरा आखूड वाद्य) वाजवणाऱ्या ऑलिव्हरने १९२२ मध्ये आर्मस्ट्राँगला शिकागोला बोलावून घेतलं. पण पुढे हिरड्यांच्या आजाराने त्याचं वाजवणं सुटत गेलं. सगळा भार ओठ आणि दातांवर पेलणाऱ्या वाद्यात दात गेले की पोटापाण्याचा धंदाच गेला. सव्हानात झाडलोट करत तो १९३८ मध्ये वारला. आर्मस्ट्राँगचेही ओठ वरच्या सुरांपायी फाटत, पण त्याच्याकडे गळा होता; ऑलिव्हरला तो आधार नव्हता. त्याची जागा नकाशावर आधी खूण करून घ्या.

संध्याकाळी मॅनहॅटनमधला व्हिलेज व्हॅनगार्ड हा जॅझ क्लब. १ नंबरने ख्रिस्तोफर स्ट्रीट, तिथून पायीच. सोमवारी जावं: थॅड जोन्स आणि मेल लुईस यांनी १९६६ मध्ये सुरू केलेला बँड अजून दर सोमवारी वाजवतो, ट्रंपेटची अख्खी रांग समोर असते. जागा आधी राखा, आणि वादन चालू असताना फोन खिशातच ठेवा.