केकभोवती तारपा

आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, आठ इंची केक आणि 'वारली हवी' एवढीच ऑर्डर. मुलीने पाठवलेला फोटो लग्नाच्या चौकाचा होता, आत पालघाट, म्हणजे वारल्यांची लग्नातली देवी. माझ्याकडे मदतीला येणारी मुलगी जव्हारची. फोटो बघून म्हणाली, "ताई, हा चौक लग्नाच्या घरी भिंतीवर काढतात. त्यावर सुरी फिरवणार?" मी लगेच गिऱ्हाइकाला फोन लावला आणि तारपा नाचावर ठरवलं, तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणाऱ्याभोवती फेर धरून करतात तो. गोल केकला तो शोभतोही जास्त.

ठाण्याचा मे महिना. क्रीमवर थेट रेघ ओढली की घटकाभरात फुगते. म्हणून चित्र बेकिंग पेपरवर काढून चॉकलेटची पट्टीच केकला गुंडाळायची ठरवली. या कामाला बरेचजण ॲसिटेट शीट घेतात. त्यावर चॉकलेट आरशासारखं चमकतं, कागदावर मात्र मंद, मॅट उतरतं. मला सारवलेली भिंत हवी होती, आरसा नको होता. साधा बटर पेपरही नको, तो क्रीमच्या ओलीने सुरकुततो आणि प्रत्येक सुरकुती चॉकलेटवर उमटते.

अठ्ठावीस इंचांची पट्टी कापली. नाचणारी माणसं जव्हारच्या मुलीने पेन्सिलने काढली: टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, डोक्याचा ठिपका, बायकांना अंबाडा. मग कागद उलटा केला, पेन्सिल खाली. कागदाचाच कोन वळून, टोक जेमतेम कापून, पांढऱ्या कंपाउंडने (केकसाठीचं वितळवायचं चॉकलेट) रेघा गिरवल्या. इथे सगळा हिशेब उलटा असतो, जे आधी काढाल तेच शेवटी समोर दिसतं. गेरूच्या रंगासाठी मिल्क कंपाउंडमध्ये तेलात विरघळणारा लाल रंग घातला. पाण्यातला रंग घातला असता तर चॉकलेटचा गोळाच झाला असता.

रेघा घट्ट झाल्यावर वरून गेरू पसरायचा, तोही निवलेला. गरम ओतला तर पांढऱ्या रेघा वितळून वाहतात. एका टोकाला इंचभर कागद कोरा सोडला, धरायला. मग नुसतं बघत बसायचं. चकाकी गेली, पण बोट टेकवल्यावर खळगा पडतोय, हीच वेळ. आधी उचललं तर ओघळ, उशीर झाला तर तडे. दोघींनी दोन टोकं ताणून धरली आणि फ्रिजमधून काढलेल्या गार केकभोवती पट्टी फिरवली.

तारपावाला पट्टीत बसवायचा माझा विचार होता. ती हसलीच. नाचणारे त्याच्याकडे पाठ करत नाहीत, तो मधेच हवा. म्हणून तो वेगळ्या कागदावर केला. त्याची सुईसारखी कंबर उचलताना तुटलीच असती, म्हणून पाठीला गेरूची चकती दिली आणि केकच्या मधोमध टेकवला.

फ्रिजमध्ये वीसेक मिनिटं ठेवून कागद सोलायला घेतला. सरळ वर ओढायचा नाही, मागे दुमडत, केकला चिकटून न्यायचा. चित्रातल्या एका बाईचा हात कागदाबरोबर आला, तो माझ्या मदतनीस मुलीने कोनाने पुन्हा काढला.

केक न्यायला आलेल्या जावयांना सांगितलं, सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून मगच चालवा, नाहीतर पट्टीचे तुकडे उडतील. चित्राचे पैसे बिलात वेगळे लावले होते. त्यावर त्यांनी थोडी घासाघीस केली, पण ते पैसे तिचे होते, एक रुपया सोडला नाही.